कानाच्या मशीनचा क्लेम नाकारला? भांडायच्या आधी हा क्रम पाळा

क्लेम नाकारल्याचं पत्र आलं की घरोघरी साधारण एकच घडतं. मुलगा कस्टमर केअरला फोन लावून दोन-तीनदा तावातावाने बोलतो आणि मग चारपानी ईमेल लिहितो. बाबा ज्येष्ठ नागरिक आहेत, पंधरा वर्षं प्रीमियम भरतोय, आजवर एकही क्लेम केला नाही, वगैरे. उत्तर येतं, ‘आमचा निर्णय कायम आहे.’ यात तीन-चार महिने जातात. ज्या कलमाखाली क्लेम नाकारला त्या कलमाबद्दल मात्र त्या चार पानांत एक वाक्यही नसतं.

सासऱ्यांच्या वेळी मीही असंच पत्र लिहिलं होतं. वर पुढची तक्रार जुन्या पॉलिसी पुस्तिकेतला पत्ता बघून सांताक्रूझला धाडली. विमा लोकपालांचं (विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारींवर निवाडा देणाऱ्या अधिकाऱ्यांचं) आपल्या ठाणे-नवी मुंबईसाठीचं कार्यालय ठाण्यातच आहे, हे मला दीड महिन्याने कळलं. त्यानंतर शेजारपाजारच्या बऱ्याच फायली चाळल्या आणि चुका त्याच त्या दिसल्या. म्हणून हा क्रम लिहून ठेवतोय.

टप्पा १: नक्की काय नाकारलंय ते ओळखा

‘रिजेक्ट झालं’ या एका शब्दाखाली चार वेगळ्या गोष्टी येतात.

कॅशलेस नाकारलं म्हणजे क्लेम नाकारला असं होत नाही. कंपनी फक्त हॉस्पिटलला थेट पैसे द्यायला नाही म्हणाली आहे. तुम्ही बिल भरून रिइम्बर्समेंटचा क्लेम टाकू शकता. कित्येक घरं इथेच हात टेकतात आणि रिइम्बर्समेंटचा फॉर्म भरतच नाहीत.

क्वेरी आली असेल तर तो नकारही नव्हे. कागद मागितलाय, तो द्या.

तिसरा प्रकार कपातीचा. ऑपरेशनचे पैसे आले, पण यंत्राचे कापले. यात लोक ‘मिळाले तेवढे पदरात पडले’ म्हणून गप्प बसतात. कपातीविरुद्धही तक्रार करता येते. पैसे घेताना ‘पूर्ण व अंतिम’ असं लिहिलेल्या कागदावर मात्र सही करू नका. करावीच लागली तर सहीच्या वर ‘उर्वरित रकमेचा हक्क राखून’ असं लिहा.

चौथा प्रकार म्हणजे संपूर्ण नकार. पुढचे टप्पे तिसऱ्या आणि चौथ्या प्रकारासाठी आहेत.

*तपासा:* पत्र टीपीएचं (कंपनीच्या वतीने क्लेमचे कागद हाताळणाऱ्या मध्यस्थ संस्थेचं) आहे की विमा कंपनीचं? टीपीए कागद बघून शिफारस करते, नाकारण्याचा निर्णय कंपनीनेच घ्यायचा असतो. विमा नियामकाच्या (आयआरडीएआय) २९ मे २०२४च्या परिपत्रकानुसार कंपनीच्या क्लेम रिव्ह्यू कमिटीच्या मंजुरीशिवाय क्लेम नाकारता येत नाही, आणि पत्रात पॉलिसीतल्या नेमक्या अटीचा उल्लेख लागतो. टीपीएचा दोन ओळींचा मेसेज एवढंच हातात असेल, तर आधी कंपनीकडून कलम क्रमांकासह पत्र मागवा. त्या पत्राशिवाय पुढचा टप्पा सुरूच होत नाही.

टप्पा २: यंत्र कोणतं आहे, त्यावर लढायचं की नाही ते ठरवा

इथे थोडं कडू बोलावं लागेल.

कानामागे किंवा कानात घालायचं साधं श्रवणयंत्र दुकानातून किंवा ऑडिओलॉजिस्टच्या क्लिनिकमधून घेतलं असेल, हॉस्पिटलात दाखल झालाच नसाल आणि पॉलिसीच्या एक्सक्लुजनमध्ये (वगळलेल्या गोष्टींच्या यादीत) चष्मा व श्रवणयंत्राचा स्पष्ट उल्लेख असेल, तर लोकपालापर्यंत जाऊनही बहुतेक वेळा हाती काही लागत नाही. अशा प्रकरणात वर्ष घालवू नका. त्याऐवजी तीन ठिकाणी बघा: पॉलिसीला ओपीडीचं वेगळं कव्हर आहे का, पॉलिसीत ‘ठरावीक वर्षांतून एकदा श्रवणयंत्र’ असा लाभ दिलाय का, आणि घरात कोणाचा कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम आहे का. ऐरोली-महापे-वागळे इस्टेटच्या कंपन्यांमधले बरेच लोक आईवडिलांना ग्रुप पॉलिसीत घालतात आणि तिच्या अटी कधी वाचत नाहीत. ग्रुपच्या अटी बाजारातल्या पॉलिसीहून वेगळ्या असू शकतात. एचआरकडून नुसतं माहितीपत्रक नको, मूळ अटी मागा.

कॉक्लिअर इम्प्लांट आणि हाडात बसवायचं श्रवणयंत्र यांची गोष्ट निराळी. तिथे भूल देऊन शस्त्रक्रिया होते, रुग्ण दाखल असतो आणि यंत्राचा एक भाग कायमचा शरीरात राहतो. एक्सक्लुजनमध्ये कॉक्लिअर इम्प्लांटचं नाव घेऊन ते वगळलेलं नसेल, तर ही लढाई लढण्यासारखी आहे. नाव घेऊन वगळलेलं असेल तर तुमची बाजू कमकुवत आहे, हे स्वतःशी आधीच मान्य करा.

मधली एक परिस्थिती अशी: एका रात्रीत कान गेला, तातडीने दाखल करून स्टेरॉइड दिलं, तरी ऐकू आलं नाही आणि शेवटी मशीन घ्यावं लागलं. इथे लोक सगळी बिलं एकाच क्लेममध्ये कोंबतात आणि मशीनपायी हॉस्पिटलचा क्लेमही रखडतो. दाखल असतानाच्या खर्चाचा क्लेम आधी, स्वतंत्र टाका.

टप्पा ३: फाइल लावा, मगच पत्र लिहा

कागद तारखेप्रमाणे लावा आणि प्रत्येकावर जोडपत्र क्रमांक टाका. काय काय लागतं:

१. पहिल्या वर्षापासूनच्या पॉलिसी आणि नूतनीकरणाच्या पावत्या. कंपनी बदलली असेल तर जुन्या कंपनीच्यासुद्धा.
२. सुरुवातीचा प्रपोजल फॉर्म. नसेल तर कंपनीकडून प्रत मागवा. तुम्ही काय जाहीर केलं होतं याचा तोच पुरावा.
३. संपूर्ण पॉलिसी वर्डिंग. दोन पानांचं माहितीपत्रक पुरत नाही.
४. ऑडिओमेट्री (ऐकण्याची तपासणी), लहान मुलाच्या बाबतीत बेरा चाचणी (आवाजाला मेंदूचा प्रतिसाद मोजणारी), इम्प्लांट असेल तर सीटी आणि एमआरआयचे रिपोर्ट.
५. डिस्चार्ज समरी, ऑपरेशन नोट आणि इनडोअर केस पेपर.
६. यंत्राचं बिल आणि इम्प्लांटच्या खोक्यावरचा सिरीयल नंबरचा स्टिकर.
७. ईएनटी सर्जनचं पत्र.

शेवटच्या कागदावर सगळ्यात जास्त वेळ द्या. ‘रुग्णाला इम्प्लांटची गरज आहे’ एवढ्या एका ओळीचा काही उपयोग नाही. दोन्ही कानांचा श्रवणदोष किती डेसिबल, कोणत्या प्रकारचा, साधं श्रवणयंत्र किती महिने वापरून पाहिलं, त्याने काय फरक पडला नाही आणि म्हणून शस्त्रक्रिया का, हे त्यात यायला हवं. डॉक्टर घाईत असतात, तेव्हा हे मुद्दे कागदावर लिहूनच घेऊन जा. ऑडिओलॉजिस्टचा आरसीआय (भारतीय पुनर्वास परिषद) नोंदणी क्रमांक रिपोर्टवर आहे ना, तेही बघून घ्या.

*थांबा:* केस पेपरवरची ‘हिस्टरी’ची ओळ वाचा. रात्रपाळीचा थकलेला ज्युनिअर डॉक्टर ‘कधीपासून कमी ऐकू येतंय?’ विचारतो, आजी म्हणतात, ‘झाली असतील दहा वर्षं,’ आणि कागदावर ‘दहा वर्षांपासून श्रवणदोष’ असं उमटतं. पॉलिसी सात वर्षांची असते. तीच ओळ पुढे कंपनी तुमच्यासमोर धरते. ओळ चुकीची असेल तर डॉक्टरांकडून जुन्या रिपोर्टच्या आधारे आजची तारीख घालून खुलाशाचं पत्र घ्या. मूळ कागदावर खाडाखोड करायला लावू नका. आणि ओळ खरी असेल तर खोटं पत्र मागू नका, कारण फसवणूक सिद्ध झाली की उरलेले सगळे मार्ग बंद होतात.

बिलाबद्दल एक गोष्ट आधीच लक्षात ठेवली तर पुढचा बराच त्रास वाचतो. कॉक्लिअर इम्प्लांटमध्ये आतला भाग ऑपरेशनच्या दिवशी बसतो. कानामागचा प्रोसेसर मात्र जखम भरल्यावर, साधारण तीन-चार आठवड्यांनी सुरू करतात. त्या वेळी प्रोसेसरचं वेगळं बिल, वेगळ्या तारखेचं, थेट विक्रेत्याच्या नावाने निघालं की कंपनीला ते ओपीडीत घेतलेलं मशीन वाटतं. ऑपरेशन अजून व्हायचं असेल तर संपूर्ण संच हॉस्पिटलच्या बिलात एकत्र यावा, असं बिलिंग काउंटरवर आधीच सांगून ठेवा. ऑपरेशन होऊन गेलं असेल, तर ‘एकाच संचाचे दोन भाग’ असं विक्रेत्याकडून सिरीयल नंबरांसह लिहून घ्या.

टप्पा ४: कलमाला कलमाने उत्तर द्या

तुमच्या पत्रातलं कारण खालीलपैकी बहुधा एक असेल. त्याच एकाला उत्तर द्या.

*‘हे बाह्य उपकरण आहे.’* आधी पॉलिसीतली बाह्य उपकरणाची व्याख्या शब्दशः उतरवून काढा. मग ऑपरेशन नोटमधलं ते वाक्य दाखवा, ज्यात इलेक्ट्रोड आतल्या कानात बसवल्याचं लिहिलंय. फक्त प्रोसेसरचे पैसे कापले असतील तर मुद्दा असा: आतला भाग एकटा काही ऐकवत नाही. बाहेरचा प्रोसेसर आवाज पकडतो, त्याचं संकेतांत रूपांतर करतो आणि त्वचेतून आत पाठवतो. दोन्ही मिळून एक यंत्र आहे. हे सर्जनच्या पत्रात आलं तर उत्तम. जादा बॅटऱ्या, केबल, बॅग यांच्या कपातीवर मात्र शक्ती घालवू नका.

*‘जन्मजात दोष वगळलेला आहे.’* लहान मुलांच्या फायलींत हे कारण फार येतं आणि पालक गांगरून जातात. विमा नियामकाच्या प्रमाण व्याख्येत जन्मजात दोषाचे दोन प्रकार आहेत. शरीराच्या दिसणाऱ्या, हात पोहोचणाऱ्या भागावरचा तो बाह्य, आणि तसा नसलेला तो अंतर्गत. पॉलिसीत फक्त बाह्य जन्मजात दोष वगळला असेल, तर आतल्या कानातला, सीटीशिवाय न दिसणारा दोष त्यात बसत नाही. बाहेरचा कान व्यवस्थित आहे, हे डॉक्टरांकडून लिहून घ्या. दोष जन्मजात आहे हे नाकारत बसू नका. तो अंतर्गत आहे, एवढंच सिद्ध करायचंय.

*‘आधीपासूनचा आजार जाहीर केला नाही.’* इथे तारखांचा हिशेब करा. १ एप्रिल २०२४पासूनच्या नियमांनुसार आधीपासूनच्या आजारासाठी जास्तीत जास्त ३६ महिने थांबवता येतं, पूर्वी ही मर्यादा ४८ महिने होती. सलग ६० महिने पॉलिसी चालू राहिल्यावर, फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय, ‘माहिती लपवली’ या कारणाने क्लेम नाकारता येत नाही. पोर्ट केलेल्या (दुसऱ्या कंपनीकडे नेलेल्या) पॉलिसीचे आधीचे महिने यात धरले जातात, म्हणून जुन्या कंपनीच्या पावत्या हव्यात. दोन खाचखळगे आहेत. विम्याची रक्कम मधे वाढवली असेल तर वाढीव रकमेचे ६० महिने वाढवल्या दिवसापासून मोजतात. आणि पॉलिसीतच कायमचं वगळलेलं काही असेल, तर ते ६० महिन्यांनंतरही वगळलेलंच राहतं.

*‘२४ तास दाखल नव्हता.’* प्रक्रिया डे केअरमध्ये (२४ तासांहून कमी दाखल राहून होणाऱ्या उपचारांत) मोडते का ते पॉलिसीच्या व्याख्येवरून बघा. भूल दिली होती, ऑपरेशन थिएटर वापरलं होतं आणि नव्या तंत्रामुळे २४ तास लागले नाहीत, हे तीन मुद्दे डिस्चार्ज समरीत असतील तर वाद घालता येतो. दुकानातून घेतलेल्या मशीनला ही मात्रा लागू पडत नाही.

*‘कळवायला उशीर झाला.’* उशिराचं खरं कारण पुराव्यासह द्या. उशीर टाळता येण्यासारखा नव्हता, अशा प्रकरणात निव्वळ त्या कारणावरून खरा क्लेम नाकारू नये, असं नियामकाने २०११ मध्येच कंपन्यांना बजावलं आहे.

टप्पा ५: कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला पत्र

कस्टमर केअरला केलेला ईमेल म्हणजे तक्रार झाली असं धरू नका. पॉलिसीत ‘तक्रार निवारण अधिकारी’ या नावाखाली दिलेल्या पत्त्यावरच पाठवा आणि विषयात ‘तक्रार’ हा शब्द घाला. तक्रार क्रमांक आला नाही तर तो मागून घ्या.

एक पान पुरतं. मजकूर असा:

‘आपल्या दि. … च्या पत्रात कलम … खाली क्लेम नाकारला आहे. त्या कलमाचे शब्द असे आहेत: … . माझ्या मुलीवर दि. … रोजी शस्त्रक्रिया होऊन इम्प्लांट आतल्या कानात बसवले आहे (जोडपत्र ५). त्यामुळे सदर कलम लागू होत नाही. रु. … मंजूर करावेत. ते शक्य नसल्यास वरील मुद्द्याचे कलमानिशी लेखी उत्तर द्यावे.’

बाबांचं वय, घरची ओढाताण, किती वर्षं प्रीमियम भरला हे सगळं खरंच असतं. पण निर्णय घेणाऱ्याच्या समोर पॉलिसी असते, म्हणून पत्रात तिचेच शब्द हवेत.

*थांबा:* रुग्णाला फोनवर ऐकू येत नाही, हे पत्राच्या पहिल्याच ओळीत लिहा आणि सगळा संपर्क ईमेलवर मागा. कंपनीचा माणूस पडताळणीसाठी फोन करतो, आजोबा ‘हॅलो, हॅलो’ करून ठेवून देतात आणि फाइलवर ‘प्रतिसाद नाही’ असा शेरा पडतो.

त्याच दिवशी नियामकाच्या ‘बीमा भरोसा’ पोर्टलवरही तक्रार नोंदवा, नाहीतर १५५२५५ या टोल-फ्री क्रमांकावर. पोर्टल स्वतः निवाडा देत नाही, तक्रार कंपनीकडेच जाते. पण तारखेची पक्की नोंद राहते. कंपनीला उत्तरासाठी १४ दिवस असतात.

टप्पा ६: विमा लोकपाल

कंपनीने पुन्हा नकार दिला, किंवा तक्रार पोचून एक महिना उत्तरच आलं नाही, की हा दरवाजा उघडतो. अंतिम नकारापासून एका वर्षाच्या आत जायला हवं. फी नाही आणि वकील चालत नाही.

पत्त्याची चूक इथेच होते. ठाणे, नवी मुंबई, रायगड आणि पालघरसाठी कार्यालय ठाण्यात आहे: दुसरा मजला, जीवन चिंतामणी बिल्डिंग, वसंतराव नाईक महामार्ग, ठाणे (पश्चिम) ४००६०४. जुन्या पॉलिसींच्या मागच्या पानावर आपल्या भागासमोर सांताक्रूझ किंवा पुण्याचं कार्यालय छापलेलं असतं. खारघर, कामोठे, पनवेलच्या लोकांनीही ठाण्यालाच यायचं. लोकपाल परिषदेच्या वेबसाइटवरून ऑनलाइनही तक्रार करता येते.

फायलीत काय घालायचं? नकाराचं पत्र, तुमचं टप्पा ५ मधलं पत्र, त्याची पोच, कंपनीचं उत्तर आणि जोडपत्रं. टप्पा ५ ची पोच नसेल तर तक्रार अपुरी ठरते. ही सर्वात जास्त आढळणारी उणीव, म्हणून ईमेल केला असला तरी स्पीड पोस्टनेही पाठवून ट्रॅकिंगची प्रिंट काढून ठेवा.

सुनावणी व्हिडिओ कॉलवर असू शकते. कमी ऐकू येणाऱ्या तक्रारदाराची इथे पंचाईत होते. सुनावणीची तारीख येताच, घरच्या माणसाला सोबत बसून बोलू द्यावं अशी लेखी विनंती करा. मुद्दे अर्ध्या पानावर लिहून आदल्या दिवशी ईमेल करून ठेवा. कंपनीचा प्रतिनिधी बहुतेक वेळा तेच कलम पुन्हा वाचतो. तुम्हीही त्याच कलमावर राहा, जोडपत्राचा नंबर सांगा आणि थांबा.

निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो आणि तिला तो ३० दिवसांत पाळावा लागतो. नाही पाळला तर २०२४च्या परिपत्रकानुसार दर दिवशी ५,००० रुपये तक्रारदाराला द्यावे लागतात. निवाडा तुमच्या बाजूने आल्याच्या दिवशीच कॅलेंडरवर तिसाव्या दिवसाला गोल करा.

टप्पा ७: ग्राहक आयोग, पण लोकपालानंतर

क्रम उलटा करू नका. ग्राहक आयोगात किंवा कोर्टात प्रकरण चालू असताना लोकपाल त्याच विषयाची तक्रार घेत नाहीत. लोकपालांकडे हरल्यावर मात्र ग्राहक आयोगात जाता येतं. म्हणजे आधी फुकटचा मार्ग, मग दुसरा.

मुदत दोन वर्षांची आहे. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, आणि इथे नवी मुंबईकरांची गल्लत होते. ऐरोली, वाशी, नेरूळ, बेलापूर ठाणे जिल्ह्यात. खारघर, कामोठे, कळंबोली, पनवेल रायगड जिल्ह्यात. पत्त्यात ‘नवी मुंबई’ आहे म्हणून ठाण्याच्या आयोगात दाखल केलं की अधिकारक्षेत्राच्या मुद्द्यावर वेळ जातो. तक्रार ‘ई-जागृती’ पोर्टलवर ऑनलाइन भरता येते. मोबदल्याची रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही, आणि विम्यात मोबदला म्हणजे भरलेला प्रीमियम. आठ लाखांचं इम्प्लांट असलं तरी प्रीमियम त्याहून फार कमी असतो.

हे चालू असताना मशीनचं काय?

क्लेमसाठी मुलाचं ऐकणं वर्षभर थांबवता येत नाही. लहान मुलांत तर प्रत्येक महिना भाषेचा असतो. वांद्रे रेक्लमेशनला वाचा व श्रवणदोषांसाठीची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. दिव्यांगांना साधनं देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेखाली श्रवणयंत्रं आणि मुलांसाठी कॉक्लिअर इम्प्लांट तिथून मिळतात, उत्पन्नाची मर्यादा आहे. पगारातून ईएसआयसी कापली जात असेल तर श्रवणयंत्रासाठी आधी तिथे विचारा. दोन्ही कानांचा दोष ६० डेसिबलच्या वर असेल तर दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी (दिव्यांग ओळख) कार्डासाठी अर्ज करून ठेवा.

आणि साधं मशीन विकत घेतलंच, तर बिल नीट बघा. श्रवणयंत्रावर जीएसटी शून्य आहे. कुणी लावला असेल तर बिल दुरुस्त करून मागा.

नवी पॉलिसी घेताना किंवा पोर्ट करताना एका कागदाकडे लक्ष ठेवा. नियामकाने काही आजार रुग्णाच्या संमतीने कायमचे वगळायची मुभा कंपन्यांना दिली आहे आणि त्या यादीत श्रवणदोष आहे. एजंट ‘इथे सही करा, बाकी मी बघतो’ म्हणत जी पानं पुढे सरकवतो, त्यांत तो संमतीचा कागद असू शकतो.